मेंढ्यांचा फुफ्फुसदाह आणि ताडपत्रीने बांधलेली शेड

शिरूर तालुक्यातील एका तरुण मेंढीपालकाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. माडग्याळ आणि दख्खनी जातींच्या मिळून ५५ मेंढ्यांची त्यांची बंदिस्त शेड आहे, २० बाय ३० फुटांची. गेल्या नोव्हेंबरात त्यांनी बाजारातून आणखी २५ मेंढ्या आणून त्याच शेडमध्ये सोडल्या. डिसेंबरच्या मध्यापासून नाके वाहू लागली, मेंढ्या ढासू म्हणजे खोकू लागल्या आणि जानेवारी संपेपर्यंत ३४ कोकरांपैकी ११ मेली. मेलेली बहुतेक कोकरे पाच ते आठ आठवड्यांची होती. घटसर्पाची लस पावसाळ्यापूर्वी टोचलेली होती, थंडी बाधू नये म्हणून शेडला चारही बाजूंनी ताडपत्री बांधली होती, आणि ढास दिसताच मेडिकलमधून आणलेले प्रतिजैविक सरसकट सर्वांना दोन दिवस दिले होते. त्यांना आता दोनच गोष्टी हव्या आहेत: यंदा दिवाळीनंतर कोणती लस टोचावी आणि थंडीभर कोणते इंजेक्शन देऊन ठेवावे.

पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागात मी तीस वर्षांहून अधिक काळ पशुवैद्यक म्हणून काम केले आहे आणि हा प्रश्न दर हिवाळ्यात कोणी ना कोणी विचारतेच. लशीचे आणि इंजेक्शनचे उत्तर मी पुढे देणार आहे. परंतु आपल्या कोकरांच्या मरणाचे कारण आपण स्वतःच, प्रश्न मांडताना, लिहून दिले आहे. ते ताडपत्रीत आहे, त्या २५ मेंढ्यांत आहे आणि ६०० चौरस फुटांच्या जागेत आहे.

फुफ्फुसदाह, म्हणजे न्यूमोनिया, हा आजार बाहेरून उडत येऊन कळपावर पडतो, अशी एक समजूत असते. मेंढ्यांच्या फुफ्फुसदाहात सर्वांत अधिक आढळणारा जिवाणू मॅनहायमिया हिमोलिटिका हा निरोगी मेंढीच्या नाकात आणि घशातील गाठींत वर्षभर राहतो. पूर्वी त्याला पाश्चुरेला म्हणत, म्हणून दवाखान्यात आजही या आजाराला सर्रास पाश्चुरेलोसिस म्हटले जाते. तो तेथे असतो, तरी मेंढी खाते, पिते, वजन धरते. कारण श्वासनलिकेच्या आतील सूक्ष्म लव सतत हलत असते आणि श्वासाबरोबर खाली उतरलेली घाण चिकट स्रावासह वर ढकलत राहते. ही लव बधिर झाली किंवा ताणामुळे मेंढीची प्रतिकारशक्ती खचली, म्हणजे नाकातला तोच जिवाणू भराभर वाढतो आणि फुफ्फुसात उतरतो. तेथे तो असे विष सोडतो की त्याचा सामना करायला आलेल्या पांढऱ्या पेशीच फुटून मरतात आणि त्यांच्यातून सांडलेला दाहक द्रव आसपासचे फुफ्फुस खाऊन टाकतो. संध्याकाळी गव्हाणीवर दिसलेले कोकरू सकाळी मेलेले सापडते ते यामुळे. कोकरांत याच्या जोडीला मायकोप्लाझ्मा हे जिवाणू आणि पॅराइन्फ्लुएंझा-३ सारखे विषाणू असतात. ते स्वतः फारसे मारत नाहीत, पण लवेची नासाडी करून मॅनहायमियाला वाट मोकळी करून देतात.

आपण मेलेल्या कोकरांपैकी एकाचेही शवविच्छेदन करून घेतलेले दिसत नाही. या आजाराने मेलेल्या कोकराची छाती उघडली की फुफ्फुसाच्या पुढच्या आणि खालच्या पाळ्या काळपट लाल, यकृतासारख्या घट्ट झालेल्या दिसतात, मागचा भाग मात्र गुलाबी आणि स्पंजासारखा राहिलेला असतो. घट्ट भागाचा सुपारीएवढा तुकडा कापून पाण्याच्या बादलीत टाकला की तो सरळ तळाला जातो. गुलाबी तुकडा तरंगत राहतो. मी हे मालकासमोर मुद्दाम करून दाखवतो, कारण त्यानंतर शेडविषयी बोलणे सोपे जाते.

आता शेडविषयी. मोठ्या मेंढीला छपराखाली किमान १० चौरस फूट आणि कोकराला ४ चौरस फूट जागा लागते, आणि त्याच्या दुप्पट मोकळे आवार लागते. ८० मेंढ्या आणि ३४ कोकरे यांचा हिशेब ९३६ चौरस फुटांचा होतो. आपल्याकडे ६०० आहेत. एक मोठी मेंढी दिवसाला साधारण अर्धा ते एक लिटर मूत्र करते, म्हणजे त्या ६०० चौरस फुटांत रोज ४० ते ८० लिटर मूत्र मुरत होते, आणि रात्रभराच्या श्वासाची वाफ त्यात वेगळी. वरून चारही बाजूंनी ताडपत्री. मूत्र कुजून अमोनिया तयार होतो, आणि श्वासनलिकेतील त्या लवेला बधिर करणारी दुसरी एवढी स्वस्त आणि हमखास वस्तू मला ठाऊक नाही.

डिसेंबरात अशा एका शेडमध्ये मी पहाटे पाचला गेलो होतो. मालकाने ताडपत्री उचलली, तसा तोंडावर कोमट, दमट वाफारा आला. आत चांगली ऊब होती आणि मालकाला तिचे समाधान वाटत होते. विजेरी वर धरली तेव्हा पत्र्याच्या खालच्या बाजूला थेंबांच्या रांगा दिसल्या, आणि ते थेंब मेंढ्यांच्या पाठीवर टपकत होते. लोकर हाताला ओली लागत होती. उभे राहून वास सोसवत होता; कोकराच्या उंचीवर, उकिडवे बसल्यावर, अर्ध्या मिनिटात डोळ्यांतून पाणी आले. त्याच शिवारात दोन शेते पलीकडे धनगरांचा एक वाडा, म्हणजे फिरत्या कळपाचा तळ, उतरला होता. कोकणात न उतरता मागे राहिलेली ती मेंढरे उघड्या आभाळाखाली वाघरीत, म्हणजे जाळ्याच्या कुंपणात, बसली होती, पाठीवर दव होते, तापमान १० अंशांच्या आसपास असावे, आणि त्या शंभरावर मेंढ्यांत ढासण्याचा आवाज जवळजवळ नव्हता.

याचा अर्थ मेंढ्या उघड्यावर ठेवा असा नाही. वाड्यावरच्या मेंढ्यांचे हाल वेगळे असतात आणि अवकाळी पावसात तेही भोगावे लागतात. अर्थ एवढाच की अंगावर कोरडी लोकर असलेल्या मोठ्या मेंढीला आपल्याकडची थंडी मारत नाही. पुणे परिसरात डिसेंबर-जानेवारीत दुपारी २८ ते ३० अंश आणि पहाटे १० ते १२ अंश असते, शिरूर-दौंडकडे कधी त्याहून खाली जाते. हा चढउतार मेंढी सोसते. ओली लोकर आणि कोंडलेली हवा तिला सोसत नाही. म्हणून शेडची रचना अशी हवी की जमिनीपासून तीन फुटांपर्यंत वाऱ्याला आडोसा असावा, कारण मेंढी त्या उंचीत बसते; त्याच्या वरचा भाग जाळीचा आणि मोकळा असावा. ज्या बाजूने रात्रीचा वारा येतो त्या एकाच बाजूला गोणपाटाचा पडदा सोडावा, तोही पत्र्याखाली फूट-दीड फूट फट ठेवून. दोन पाखी छपराच्या माथ्यावर लांबीभर सहा इंचांची फट ठेवून तिच्यावर टोपी बसवली, तर गरम दमट हवा आपोआप वर निघून जाते. ही फट ठेवायला मिस्त्री हमखास नाखूश असतो, पाऊस आत येईल म्हणतो. टोपी पुरेशी रुंद असेल तर येत नाही. नवी शेड बांधायची झाल्यास लांबी पूर्व-पश्चिम ठेवावी.

नवजात कोकरांची गोष्ट वेगळी आहे. त्यांना पहिले आठ-दहा दिवस खरोखर ऊब लागते. त्यासाठी अख्खी शेड बांधून घेण्याऐवजी एका कोपऱ्यात गवताच्या पेंढ्या रचून, वर निम्म्या भागात फळी टाकून, कोकरे आत शिरतील पण मेंढ्या शिरणार नाहीत एवढे तोंड ठेवलेला खुराडा करावा. खाली कोरडा पाचोळा किंवा वाळलेले गवत जाड पसरावे आणि रोज वरचा थर बदलावा.

एक सवय मात्र मोडायला हवी: ओल्या जमिनीवर चुना भुरभुरवणे. चुना अल्कधर्मी असल्यामुळे मूत्रात बांधलेला अमोनिया तो उलट मोकळा करतो आणि त्या रात्री हवा अधिकच तिखट होते. आधी ओल खरडून काढावी, जमीन दिवसभर वाळू द्यावी, मेंढ्या बाहेरच्या आवारात असताना चुना टाकावा. प्लास्टिकच्या जाळीचे मचाण केले की हा प्रश्न सुटला असे विक्रेते सांगतात. मचाणाखालच्या लेंड्या आणि मूत्र वेळच्या वेळी काढले तरच तो सुटतो. महिना-महिना साठू दिले, तर अमोनिया खालून थेट नाकात येतो आणि वर कोकरांच्या पोटाला गार झोतही लागतो.

धूळ ही अमोनियाची धाकटी बहीण. सोयाबीनचे आणि तुरीचे भुसकट मेंढ्यांसमोर टाकले की काय ढग उठतो ते आपण रोज पाहताच. भुसकट टाकण्यापूर्वी त्यावर पाणी शिंपडावे, बुरशीचा वास येत असेल तर ते खतात घालावे, आणि डोक्याच्या वर टांगलेल्या गव्हाणीऐवजी खालची गव्हाण वापरावी, म्हणजे कचरा नाकाडोळ्यांत पडत नाही.

मेलेली कोकरे पाच ते आठ आठवड्यांचीच का होती, हेही पाहिले पाहिजे. कोकरू जन्मते तेव्हा त्याच्या रक्तात प्रतिद्रव्ये जवळजवळ नसतात. ती सर्व आईच्या चिकातून मिळतात आणि काही आठवड्यांत ओसरत जातात. त्याची स्वतःची शक्ती उभी राहण्यापूर्वीची ही पोकळी आहे आणि चीक कमी मिळालेल्या कोकरात ती लवकर आणि खोल पडते. हिशेब सोपा आहे: पहिल्या काही तासांतच, सहा तास होण्यापूर्वी, दर किलो वजनाला ५० मिलिलिटर आणि पहिल्या २४ तासांत दर किलोला एकूण २०० मिलिलिटर चीक. तीन किलोच्या कोकराला पहिल्या वेळी १५० आणि दिवसभरात ६०० मिलिलिटर. एकच कोकरू असेल आणि कास भरलेली असेल तर ते स्वतःच पिते. जुळी असतील, आणि फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने विकसित केलेल्या नारी सुवर्णासारख्या जुळी देणाऱ्या मेंढ्या आता आपल्या भागात पुष्कळ आहेत, तर धाकट्या कोकराच्या पोटाला हात लावून पाहण्याची सवय ठेवावी. पोट सपाट लागले तर दुसऱ्या मेंढीचा किंवा शेळीचा चीक काढून पाजावा. जास्तीचा चीक लहान बाटल्यांत गोठवून ठेवता येतो. वापरताना कोमट पाण्यात बाटली धरून विरघळवावा, उकळू नये, उकळला की प्रतिद्रव्ये नष्ट होतात. चीक भरपूर यायचा तर गाभण मेंढीला शेवटच्या सहा आठवड्यांत रोज २०० ते ३०० ग्रॅम खुराक आणि थोडा हिरवा चारा मिळाला पाहिजे. सुक्या भुसकटावर ठेवलेल्या मेंढीच्या कासेत चीक येणार कुठून?

बाजारातून आणलेल्या २५ मेंढ्यांविषयी. त्या मेंढ्या तीन-चार गावांच्या असणार, दिवसभर बाजारात उभ्या राहिलेल्या, टेम्पोत दाटीने भरलेल्या, पाण्याविना. हा ताण जिवाणूला पुरेसा आहे, आणि शिवाय आपल्या कळपाने कधी न पाहिलेले जंतू त्या बरोबर आणतात. नवीन जनावरे किमान २१ दिवस निराळ्या जागी ठेवावीत. निराळी म्हणजे श्वास, पाणी आणि गव्हाण निराळी, मध्ये नुसती जाळी उभी करणे नव्हे. त्यांचे काम रोज शेवटी करावे आणि नंतर चपला बदलाव्यात. आणखी एक गोष्ट, जी मोठे शेडमालकही पाळत नाहीत: विण्याचा हंगाम महिन्यावर आला असताना खरेदी करूच नये.

२१ दिवसांचा हा आग्रह प्रामुख्याने पीपीआरसाठी आहे. शेळ्यामेंढ्यांची बुळकांडी म्हणून आपण ज्याला ओळखतो तो हा विषाणूजन्य आजार भारतात प्रथम १९८७ साली तमिळनाडूत नोंदला गेला, आणि २०३० पर्यंत तो जगातून घालवण्याचे आंतरराष्ट्रीय उद्दिष्ट आहे. ताप, डोळ्यानाकातून घट्ट स्राव, हिरड्यांवर आणि जिभेवर कोंड्यासारखे पांढरे थर व व्रण, मग हगवण आणि त्यातच फुफ्फुसदाह, असा त्याचा क्रम असतो. आपण तोंडातील व्रणांचा किंवा हगवणीचा उल्लेख केलेला नाही, म्हणून आपल्याकडे तो नसावा असा माझा कल आहे. पण तोंड उघडून पाहिले होते का, हे आपणच जाणता. पीपीआरची शंका आल्यास ती ग्रामपंचायतीला कळवणे २००९ च्या कायद्याने बंधनकारक आहे; जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यालाही कळवावे.

आता लशीचे उत्तर. आपण टोचलेली घटसर्पाची लस आवश्यक होती आणि पुढेही दरवर्षी पावसाळ्यापूर्वी टोचावी, परंतु ती पाश्चुरेला मल्टोसिडा या दुसऱ्या जिवाणूच्या एका विशिष्ट प्रकारावर बेतलेली आहे. मॅनहायमियाच्या फुफ्फुसदाहापासून ती संरक्षण देत नाही. दोन्ही आजार एकेकाळी एकाच नावाखाली येत, त्यामुळे हा घोटाळा होतो, आणि लस फसली असे समजून लोक पुढच्या वर्षी तीही सोडतात. ब्रिटनसारख्या देशांत मॅनहायमियावरील लशी वापरात आहेत. तेथेही हवा कोंडलेली शेड लशीच्या भरवशावर चालत नाही. आपल्याला खरी गरज पीपीआर लशीची आहे: तीन-चार महिन्यांवरील प्रत्येक जनावराला कातडीखाली १ मिलिलिटर, संरक्षण साधारण तीन वर्षे. म्हणून दरवर्षी त्या वर्षीची कोकरे आणि नवीन खरेदी एवढ्यांना टोचले तरी कळप झाकलेला राहतो. ही जिवंत विषाणूची लस आहे. द्रावण केल्यावर बर्फात ठेवून दोन तासांत संपवावी. उन्हात, मोटारसायकलच्या डिकीतून आलेली लस टोचणे म्हणजे पाणी टोचणे. मेंढ्यांच्या देवीची लसही आपल्या भागात टोचून घ्यावी, कारण देवीचे फोड फुफ्फुसातही येतात.

औषध पाजताना होणारा फुफ्फुसदाह हा विषय मी टाळू शकलो असतो, परंतु त्यात माझा स्वतःचा हात आहे. सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी एका वाड्यावर अंधार पडायच्या आत साठ मेंढ्यांना जंतनाशक पाजायचे होते. मी घाई केली. मदतनीस माना वर ताणून धरत होता आणि मी बाटली रिती करत होतो. चार-पाच मेंढ्यांना ठसका लागला तरी थांबलो नाही. तिसऱ्या दिवशी तीन मेंढ्या मेल्या. एकीची श्वासनलिका मी स्वतः उघडली, तेव्हा आत पांढरे औषध लागलेले होते. मेंढीचे नाक तिच्या डोळ्यांच्या पातळीच्या वर जाता कामा नये, बाटलीचे तोंड ओठाच्या कोपऱ्यातून जिभेवर ठेवावे, घोट-घोट पाजावे, आणि ठसका येताच मान सोडून द्यावी. ढासणाऱ्या मेंढीला हळद घातलेले गोडेतेल पाजण्याची पद्धत तर पूर्णपणे बंद करावी. तेल श्वासनलिकेत गेल्यावर ठसकाही नीट येत नाही, आणि फुफ्फुसात गेलेले तेल बाहेर निघत नाही.

प्रत्येक वाहणारे नाक फुफ्फुसदाहाचे नसते, हेही ध्यानात ठेवावे. कोरड्या भागात नाकातल्या अळ्यांचा त्रास फार असतो. एक माशी उडता उडता नाकपुडीपाशी बारीक अळ्या सोडते. मेंढ्या भर दुपारी घोळका करून नाके जमिनीला किंवा एकमेकींच्या अंगात खुपसतात, पाय आपटतात, शिंकतात, आणि पुष्कळदा एकाच नाकपुडीतून घट्ट, कधी रक्ताची झाक असलेला शेंबूड येतो. ताप नसतो. याला प्रतिजैविक देऊन उपयोग नाही. आयव्हरमेक्टिन किंवा क्लोसांटेल पशुवैद्यकाने ठरवलेल्या मात्रेत द्यावे. फुफ्फुसातील जंत ओल्या कुरणावर चरणाऱ्या, म्हणजे मावळ-मुळशीकडील कळपांत अधिक. आपल्या बंदिस्त मेंढ्यांत त्यांची शक्यता कमी आहे.

राहिले थंडीभर द्यायचे इंजेक्शन. असे कोणतेही इंजेक्शन मी देणार नाही आणि आपणही देऊ नये. निरोगी मेंढ्यांना प्रतिजैविक देत राहिल्याने नाकातले जंतू त्याला सरावतात, आणि खरी गरज पडते तेव्हा ते औषध लागू पडत नाही. गेल्या हिवाळ्यात दोन दिवसांत थांबवलेल्या उपचाराने आपण त्याची सुरुवात करून ठेवली आहे. त्याऐवजी आजारी जनावर पहिल्याच दिवशी शोधावे. सकाळी खुराक टाकल्यावर जी मेंढी गव्हाणीवर सर्वांत शेवटी येते तिचा ताप मोजावा. मेंढीचे तापमान साधारण १०२ ते १०३.५ अंश फॅरनहाइट असते. सकाळच्या गारव्यात ते १०४ च्या वर गेले, कूस भात्यासारखी हलत असली आणि मान पुढे ताणलेली दिसली, तर तिला वेगळे करून त्याच दिवशी पशुवैद्यकाला बोलवावे आणि उपचार सांगितले तितके दिवस पूर्ण करावेत. विक्रीची मेंढी असेल तर औषधाच्या वेष्टनावर छापलेला मांसासाठीचा थांबा, म्हणजे औषधानंतर जनावर मांसासाठी न विकण्याची मुदत, पाळावा.

पहिले जनावर दगावले, तर पुरण्याआधी दवाखान्यात न्यावे. प्रतिजैविक सुरू करण्यापूर्वी घेतलेले नाकातील बोळे, किंवा ताज्या शवातील फुफ्फुसाचा घट्ट आणि गुलाबी भाग जेथे मिळतो तेथील तुकडा बर्फात घालून, पशुवैद्यकाच्या पत्रासह पुण्यात औंधला रोग अन्वेषण विभागाच्या प्रयोगशाळेत पाठवता येतो. शिरूरहून निघालेला नमुना त्याच दिवशी तेथे पोहोचतो. कोणता जंतू आहे आणि त्याला कोणते औषध लागू पडते, हे तेथून कळले की पुढच्या मेंढीसाठी मेडिकलवाल्याला विचारावे लागत नाही.